जुनी गाडी खाली बसवताना स्प्रिंगची निवड कशी करावी

जुनी गाडी खाली बसवायची म्हणून वर्कशॉपमध्ये गेले, की मिस्त्री आधी मडगार्डची कड आणि टायर यांच्यामधल्या फटीत बोटे घालून पाहतो. नागपुरात हे माप इतके रूढ आहे की चार बोटांची फट असलेली गाडी पाहून तो सहज म्हणतो, "दोन बोटं ठेवून देतो ना भाऊ." या मापाने गाडी दिसेल कशी हे कळते, ती वळणावर वागेल कशी हे मात्र कळत नाही. गाडी किती खाली आणायची हा प्रश्न खरे तर सर्वांत शेवटी विचारायचा असतो. खड्ड्यावरून जाताना चाकाला वर सरकायला किती जागा आहे, गाडी खाली आल्यावर त्यातली किती उरेल आणि तेवढ्या जागेत झटका पचवायला स्प्रिंग किती कडक लागेल, या तीन प्रश्नांची उत्तरे आधी मिळवावी लागतात.

उदाहरणासाठी १९९३ साली आलेली मारुती झेन घेऊ. पेट्रोल इंजिनाची, सुमारे साडेसातशे किलोंची ही हलकी गाडी आजही शहरात हौसेने जपलेली दिसते, आणि खाली बसवण्याचा मोह तिच्याच मालकांना अधिक होतो. तिच्या पुढच्या चाकांना मॅकफर्सन स्ट्रट आहे, म्हणजे शॉकअप आणि त्याभोवतीची स्प्रिंग मिळून एकच खांब होतो आणि चाक त्याच खांबाला धरलेले असते. पुढचे आकडे मात्र हिशेब समजावा म्हणून धरलेले आहेत. प्रत्येकाने आपापल्या गाडीवर टेप लावून ते मोजून घ्यावेत.

समजा, पुढच्या एका स्प्रिंगवर गाडीचा २२० किलो भार येतो आणि त्या स्प्रिंगचा कडकपणा १८ न्यूटन प्रति मिलिमीटर आहे, म्हणजे ती एक मिलिमीटर दाबायला साधारण १.८ किलो वजन लागते. गाडी उभी असताना ही स्प्रिंग सुमारे १२० मिमी दबलेली असेल. एवढ्यावरून गाडी एका सेकंदाला किती वेळा खालीवर डोलेल हे काढता येते, कारण ते केवळ या दाबावर अवलंबून असते : १५.८ या संख्येला दाबाच्या मिलिमीटरच्या वर्गमुळाने भागायचे. आपल्या उदाहरणात उत्तर येते १.४४ हर्ट्झ. घरगुती गाड्या साधारण १ ते १.५ हर्ट्झच्या दरम्यान असतात, रस्त्यावर चालवायच्या चपळ गाड्या १.५ ते २ हर्ट्झच्या दरम्यान, आणि २ हर्ट्झच्या वर गेल्यावर गाडी रस्त्याचा प्रत्येक खडा पाठीला सांगू लागते. स्प्रिंगा मूळच्यापेक्षा ३० टक्के कडक केल्या, म्हणजे २३.४ न्यूटनच्या घेतल्या, तर हाच आकडा १.६४ हर्ट्झ होतो. माझ्या मते नागपूरच्या रस्त्यांवर रोज चालणाऱ्या गाडीसाठी याच्या फार पुढे जाण्यात अर्थ नाही.

आता चाकाच्या जागेचा हिशेब पाहू. शॉकअपच्या दांड्यावर वरच्या बाजूला एक रबर असते, ज्याला बंप स्टॉप म्हणतात. चाक वर सरकत गेले की शेवटी शॉकअपचे नळकांडे या रबरावर आदळते. मूळ उंचीवर गाडी उभी असताना या रबरापर्यंत ७० मिमी जागा आहे असे धरू. स्प्रिंग १८ न्यूटनची असेल, तर रबर लागेपर्यंत ती १२६० न्यूटन जास्तीचा जोर पेलते. गाडी २० मिमी खाली आणली की जागा ५० मिमी उरते, आणि तेवढ्यात तोच जोर पेलायचा असेल तर स्प्रिंग ४० टक्के कडक हवी. ४० मिमी खाली आणली की जागा ३० मिमी, आणि स्प्रिंग मूळच्या २.३३ पट कडक हवी. तिचा आकडा २.२ हर्ट्झवर जातो. बाजारात "स्पोर्ट्स स्प्रिंग" म्हणून मिळणाऱ्या जोडीने गाडी ४० मिमी खाली येत असेल आणि कडकपणा जेमतेम २०-३० टक्के वाढत असेल, तर झटका सोसणारा खरा भाग स्प्रिंग नसून ते रबर आहे. वळणाच्या मध्यावर गाडी रबरावर टेकली की त्या चाकाचा कडकपणा एकदम कित्येक पटींनी वाढतो आणि टायर पकड सोडतो. चालवणाऱ्याला वाटते की गाडी कडक झाली म्हणून रस्ता धरते आहे. प्रत्यक्षात ती रबरावर धावत असते.

याउलट १५ मिमी खाली आणि ३० टक्के कडक या जोडीत उरलेल्या ५५ मिमीत स्प्रिंग १२८७ न्यूटन पेलते, म्हणजे मूळच्यापेक्षा किंचित जास्तच. दिसायला हा फरक अर्ध्या-पाऊण बोटाचा आहे, आणि नेमक्या याच कारणाने तो कोणी करून घेत नाही.

खाली आणल्याने नेमके मिळते काय

गाडीचा गुरुत्वमध्य खाली येतो, त्यामुळे ती वळणावर स्थिर होते, हे खरे आहे. पण किती, हे मोजले की उत्साह थोडा आटोक्यात येतो. दोन माणसांसह गाडी ८८० किलो, गुरुत्वमध्य जमिनीपासून ५४० मिमी आणि दोन चाकांमधले आडवे अंतर १.३३ मीटर धरू. गुरुत्वाकर्षणाच्या निम्म्या जोराने बाहेर फेकणारे, म्हणजे चांगलेच जोरात घेतलेले वळण असेल, तर आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सुमारे १७९ किलो भार सरकतो. गाडी २० मिमी खाली आणली की हा भार १७२ किलो होतो. म्हणजे सगळ्या खटाटोपातून उंचीमुळे मिळालेला फायदा साडेसहा किलोंचा. वळणावर जाणवणारा बाकीचा फरक स्प्रिंगच्या कडकपणाचा, शॉकअपचा आणि टायरचा असतो.

त्यातही मॅकफर्सन स्ट्रटच्या गाडीत एक उलटा व्यवहार आहे, जो फारच थोडे लोक लक्षात घेतात. गाडी वळणावर कलते ती एका काल्पनिक बिंदूभोवती. त्याला रोल सेंटर म्हणतात. हा बिंदू कुठे असेल हे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या खालच्या आडव्या दांड्याच्या, म्हणजे आर्मच्या, कोनावर ठरते. मूळ उंचीवर हा आर्म गाडीकडून चाकाकडे जाताना किंचित खाली उतरतो. गाडी खाली आणली की तो आडवा होतो, आणखी खाली आणली की चाकाकडचे टोक वर जाते, आणि रोल सेंटर गुरुत्वमध्यापेक्षा कितीतरी वेगाने खाली सरकते. गुरुत्वमध्य आणि रोल सेंटर यांच्यातले अंतर ही गाडीला कलवणारी तरफ आहे. गाडी २० मिमी खाली आली आणि रोल सेंटर त्याच्या दुप्पट उतरले, तर तरफ लांबली, म्हणजे त्याच स्प्रिंगवर गाडी पूर्वीपेक्षा जास्त कलेल. म्हणून गाडीखाली वाकून खालचा आर्म पाहावा. चाकाकडचे त्याचे टोक वर गेलेले दिसले, तर ती गाडी गरजेपेक्षा खाली गेली आहे; हे सांगायला कोणतेही यंत्र लागत नाही.

स्प्रिंग हातात घेऊन

स्प्रिंगवर कडकपणा लिहिलेला नसतो. असतात ते रंगाचे ठिपके, आणि त्यांचा अर्थ कंपनीच्या यादीशिवाय लागत नाही. पण व्हर्नियर कॅलिपर आणि कॅलक्युलेटर असेल तर कडकपणा काढता येतो. तारेची जाडी, वेटोळ्याचा व्यास (तारेच्या मध्यापासून मध्यापर्यंत, म्हणजे बाहेरच्या व्यासातून तारेची एक जाडी वजा करून) आणि प्रत्यक्ष दबणारे वेढे, एवढी तीन मापे पुरतात. जाडीचा चौथा घात घ्यावा, त्याला पोलादाच्या ७९,००० या गुणांकाने गुणावे, आणि आठ गुणिले व्यासाचा घन गुणिले वेढ्यांची संख्या याने भागावे. तार ११ मिमी, व्यास ११० मिमी आणि वेढे सहा असतील तर उत्तर १८.१ न्यूटन प्रति मिलिमीटर येते. यातला चौथा घात महत्त्वाचा आहे : बाकी सर्व तसेच ठेवून तार ११ ऐवजी १२ मिमी केली, की स्प्रिंग सुमारे ४२ टक्के कडक होते. दुकानदाराने काउंटरवर ठेवलेल्या दोन स्प्रिंगा डोळ्यांना सारख्याच दिसतात. एक मिलिमीटरचा हा फरक व्हर्नियर लावल्याशिवाय कळत नाही.

याच सूत्रातून वेढा कापण्याच्या प्रथेचा हिशेबही लागतो. सहापैकी एक वेढा कापला की स्प्रिंग २० टक्के कडक होते, आणि उभ्या गाडीचा दाब १२० वरून १०० मिमीवर येतो. वेढ्याबरोबर ५० मिमी उंची गेली असेल, तर गाडी ३० मिमी खाली बसते. ३० मिमी खाली आणि फक्त २० टक्के कडक, ही जोडी वरच्या हिशेबात नापास होते. शिवाय मूळ स्प्रिंगचे टोक खालच्या बशीतल्या खाचेत बरोबर बसावे असे वळवलेले असते. कापलेले टोक तसे बसत नाही. गॅसच्या ज्वाळेने स्प्रिंग तापवून खाली बसवणे तर त्याहून वाईट, कारण पोलादाला दिलेले पाणी उतरते आणि ती स्प्रिंग नंतरही हळूहळू बसतच राहते.

हे मी पुस्तकी ज्ञानावर सांगत नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी एका वर्कशॉपमध्ये मी माझ्याच झेनचे पुढचे वेढे कापून घेतले होते. शहरात आठवडाभर गाडी उत्तम वाटली. रविवारी चौघे मिळून रामटेकला निघालो, आणि गडाच्या चढावर वळताना डाव्या बाजूने दर वळणाला एकदा "ठक" असा आवाज येऊ लागला. खाली येऊन चाक काढले, तेव्हा कापलेले टोक बशीतून दीड-दोन बोटे फिरलेले होते आणि बशीच्या पत्र्यावर चकचकीत ओरखडा उमटला होता. परतीचे पन्नास किलोमीटर मी चाळीसच्या वेगाने पार केले.

स्प्रिंग सुटी पडण्याचा हा धोका फक्त कापलेल्या स्प्रिंगेला नसतो. विकत आणलेल्या कडक आणि आखूड स्प्रिंगेलाही असतो. २३.४ न्यूटनची स्प्रिंग उभ्या गाडीत ९२ मिमीच दबते. मूळ गाडीत चाक लोंबकळेपर्यंत खाली जायला ८० मिमी वाव होता असे धरले, तर २० मिमी खाली आणलेल्या गाडीत तोच वाव १०० मिमी होतो, कारण शॉकअप तोच आहे. चाक हवेत लोंबले की ९२ मिमी दबलेली स्प्रिंग पूर्ण सैल होऊन वर ८ मिमी फट राहते. मोठ्या खड्ड्यावरून चाक उडाले आणि त्या क्षणी स्प्रिंग बशीत फिरली, तर पुढे काय होते ते वर सांगितलेच आहे. म्हणून बसवल्यानंतर गाडी जॅकवर घ्यावी, चाक पूर्ण लोंबू द्यावे आणि स्प्रिंग हाताने फिरवून पाहावी. ती फिरत असेल तर आखूड दांड्याचा शॉकअप लागेल, किंवा गाडी इतकी खाली आणण्याचा बेत सोडावा लागेल.

शॉकअपबद्दल एवढेच, की स्प्रिंगचा कडकपणा ३० टक्के वाढला तर त्याच प्रमाणात डोलणे थांबवायला शॉकअपचा जोर सुमारे १४ टक्के जास्त हवा. नवा, चांगला शॉकअप एवढे निभावून नेतो. दहा वर्षे जुना नेत नाही. जुन्या शॉकअपवर नवी स्प्रिंग बसवणे हा पैसे वाचवण्याचा मार्ग नव्हे, ते काम दोनदा करण्याचा मार्ग आहे.

पुढच्या आणि मागच्या स्प्रिंगा एकमेकींकडे पाहून निवडाव्या लागतात. जनरल मोटर्समध्ये १९३० च्या दशकात मॉरिस ऑली यांनी दाखवून दिले, की मागची बाजू पुढच्यापेक्षा किंचित भरभर डोलणारी असावी. कारण सोपे आहे : उंचवटा आधी पुढच्या चाकाला लागतो आणि ताशी ६० किमी वेगाने झेनच्या मागच्या चाकापर्यंत पोचायला त्याला ०.१४ सेकंद लागतात. मागची बाजू थोडी भरभर डोलली तर ती पुढच्या बाजूला गाठते आणि गाडी होडीसारखी मागेपुढे झुलत नाही. मात्र मागची स्प्रिंग नुसती कडक करत जाणे धोक्याचे आहे. पुढच्या चाकांनी ओढली जाणारी गाडी त्यामुळे वळणात पटकन वळते, कोरड्या रस्त्यावर मजाही येते. पण जुलैतल्या ओल्या सिमेंटच्या रस्त्यावर तीच मागची बाजू पाठ फिरवते. त्यातून मागे तीन माणसे आणि डिकीत सामान असेल तर मागचे वजन किती बदलते हेही धरावे लागते.

प्रीमियर पद्मिनी किंवा अ‍ॅम्बेसेडरच्या मालकांना यातले सगळेच लागू होणार नाही. दोन्हींना मागे पाटे आहेत, आणि अ‍ॅम्बेसेडरला पुढे स्प्रिंगच्या जागी टॉर्शन बार आहे, म्हणजे पिळली जाणारी लांब सळई. तिचे टोक फिरवून गाडी खाली आणता येते, पण कडकपणा तिळभर वाढत नाही. जागेचा हिशेब तोच आणि उत्तर वाईटच.

आपले रस्ते

गाडीचे पोट घासेल का, हा नागपूरकराचा खरा प्रश्न. भारतीय रस्ते काँग्रेसच्या १९८८ च्या मानकाप्रमाणे गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा, आणि त्याच्या गोलाईची त्रिज्या १७ मीटर असावी. झेनच्या पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर २.३३५ मीटर, म्हणजे असा गतिरोधक ओलांडताना मधल्या एका क्षणी चारही चाके त्याच्या पाठीवरच असतात. गणित केले तर त्या क्षणी पोटाखालची जागा फक्त ४ सेंटिमीटरने कमी होते. अशा गतिरोधकावर ३० मिमी खाली आणलेली गाडीही सहज निघून जाते. घासते ती गल्लीतल्या रहिवाशांनी हौसेने घातलेल्या अरुंद, उभ्या उंचवट्यावर. तिथे पुढची चाके पलीकडे आणि मागची अलीकडे सपाट जमिनीवर असतात आणि उंचवट्याची सगळी उंची पोटाखालून वजा होते. पोटाखाली मूळ १६० मिमी जागा, त्यातून स्प्रिंगचे २० गेले, मागे माणसे बसल्यावर आणखी ३० गेले, तर उरतात ११० मिमी. बारा सेंटिमीटरच्या उंचवट्याला ते पुरत नाहीत. त्यामुळे स्प्रिंग घेण्याआधी आपल्या घरापासून मुख्य रस्त्यापर्यंतचा सर्वांत उभा गतिरोधक पट्टीने मोजून घ्यावा. मोजताना शेजारी काय म्हणतील याची पर्वा करू नये.

शहरातल्या सिमेंटच्या रस्त्यांची गोष्ट निराळी आहे. त्यांच्या फरशांचे सांधे साधारण साडेचार मीटरवर असतात. फरशा थोड्या खालीवर झालेल्या असल्या की ताशी २५ किमी वेगाने सेकंदाला दीड धक्का बसतो, आणि हा आकडा आपल्या गाडीच्या १.४४ आणि १.६४ हर्ट्झच्या मधोमध येतो. या वेगाला गाडी झोपाळ्यासारखी डोलू लागली, तर दोष स्प्रिंगचा नसून शॉकअप संपल्याचा आहे.

खर्च करण्याआधी मुळात गाडी कोणत्या अवस्थेत आहे हेही पाहावे. पंचवीस वर्षांच्या गाडीचे रबरी बुश इथल्या उन्हाळ्यांनी तडकलेले असतात, बॉल जॉइंट आणि स्ट्रटचे वरचे माउंटिंग ढिले झालेले असते, आणि स्प्रिंग बसलेली असते. बसलेली स्प्रिंग मऊ होते, हा एक मोठा गैरसमज आहे. तारेची जाडी, व्यास आणि वेढे तेच असल्यामुळे कडकपणा जवळपास तोच राहतो, फक्त उंची जाते. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर चारही बाजूंनी मोजले की डावी-उजवीतला फरक लगेच दिसतो. पुष्कळदा नवे बुश, नवे शॉकअप आणि चांगले टायर घातल्यावर मालकाला हवी असलेली गाडी मूळ स्प्रिंगवरच मिळते. अशा वेळी मी तरी पुढे जाऊ नये असेच सुचवतो.

कायद्याची बाजूही विचारात घ्यावी. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ही गोष्ट स्पष्ट केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. एमएच ३१ च्या जुन्या गाड्यांना पंधरा वर्षांनंतर नोंदणीच्या नूतनीकरणासाठी तपासणीला जावेच लागते. त्यामुळे बदल करण्याआधी आरटीओत विचारून घ्यावे, विमा कंपनीला कळवावे आणि मूळ स्प्रिंगा फेकून देऊ नयेत.

बसवताना दोन गोष्टींवर स्वतः लक्ष ठेवावे. आर्मच्या रबरी बुशांचे बोल्ट गाडी जॅकवर असताना पक्के आवळू नयेत; गाडी चाकांवर उभी करून, तिचे वजन आल्यानंतरच आवळावेत, अन्यथा बुश कायमचे पिळलेले राहतात आणि काही महिन्यांत फाटतात. दुसरे म्हणजे उंची बदलली की चाकांचा टो, म्हणजे चाकांची पुढची कड आत किंवा बाहेर किती वळलेली आहे ते माप, बदलतो, आणि टो चुकला तर टायरची आतली कड काही हजार किलोमीटरमध्ये गुळगुळीत होते. म्हणून अलाइनमेंट त्याच दिवशी करावी आणि पाचशे किलोमीटर चालल्यावर स्प्रिंग जागेवर बसल्यानंतर पुन्हा तपासावी. हेडलाइटचा झोतही खाली-वर झालेला असतो, तोही लावून घ्यावा. मागच्या ब्रेकचा दाब सस्पेन्शनच्या उंचीवरून ठरवणारी झडप ज्या गाड्यांत असते, त्यांत तीही पुन्हा जुळवावी लागते.

शेवटची परीक्षा पाच रुपयांची आहे. शॉकअपवरचे रबरी आवरण वर सारून दांड्याच्या तळाशी, नळकांड्याला टेकून, एक केबल टाय न फार घट्ट न फार सैल अशी बांधावी आणि नेहमीच्या माणसांसह नेहमीच्या रस्त्याने जाऊन यावे. चाक जितके वर गेले तितकी ती टाय दांड्यावर वर ढकललेली राहते. नव्या स्प्रिंगा आणि नवे शॉकअप घातल्यानंतर मी कामठी, मनसरमार्गे पुन्हा रामटेकला जाऊन आलो आणि घरी आल्यावर आवरण उचलले, तेव्हा ती टाय रबराच्या ८ मिमी अलीकडे थांबलेली होती. गाडी मूळ उंचीपेक्षा १५ मिमीच खाली होती आणि टायरवरच्या फटीत अजूनही तीन बोटे सहज जात होती.